अर्धी मात्रा आधी

गजेंद्र मेहरे आमच्या ऑफिसात आला की पहिलं भांडण बेसिनवरून व्हायचं. आल्या आल्या तो हात धुवायला जायचा आणि दहा मिनिटं तिथून हलायचा नाही. मागे दोन इंजिनियर ताटकळत उभे. मी माझ्या टेबलावरून ओरडायचे, "गजेंद्र, कोणाचं ऑपरेशन करायचं आहे का?" तो वळून न बघता म्हणायचा, "मॅडम, काळी माती हाये. नखात राहिली तं जॉइंट बसत नाई."

त्याचं म्हणणं खरं असायचं, म्हणून मला जास्तच राग यायचा. अकोल्याच्या जठारपेठेत एका साडीच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. मोबाइलच्या टॉवरपर्यंत फायबरची केबल नेऊन देणं हे आमच्या कंपनीचं काम. कोणता टॉवर कुठून जोडायचा हे मी, दामिनी, खुर्चीत बसून नकाशावर ठरवते. गजेंद्र ते रस्त्याकडेच्या खड्ड्यात छत्री रोवून, मांडी घालून करतो. फायबरची तार केसाएवढी बारीक. दोन टोकं कापायची, पुसायची, मशीनमध्ये समोरासमोर धरायची आणि वितळवून एक करायची. मधे धुळीचा कण आला तरी जोड वाया जातो. तार जुळेपर्यंत गजेंद्र श्वास रोखून बसायचा. त्या वेळी त्याच्याशी बोललं तर तो हातानेच गप्प बसायला सांगायचा, मग समोर साहेब असो की मी.

आमच्या धंद्यात सगळी मारामारी उशिराशी असते. तुम्ही फोनवर "हॅलो" म्हणता आणि पलीकडच्याला ते लगेच ऐकू आलं असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं. तो शब्द जवळच्या टॉवरवर जातो, तिथून शहरातल्या यंत्रांपर्यंत, तिथून पलीकडच्या माणसाच्या टॉवरवर, आणि मग त्याच्या कानात. टॉवरला फायबर असेल तर शब्द सरळ जातो. नसेल तर एका टॉवरच्या डिशवरून दुसऱ्या टॉवरच्या डिशवर उड्या मारत जातो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा रांगेत थांबतो. हा उशीर आम्ही मिलिसेकंदात मोजतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. बोलताना तो कोणाच्या लक्षातही येत नाही. हिवरखेडच्या टॉवरला अशा पाच उड्या होत्या. तिथून अमरावतीला शब्द जाऊन त्याला उत्तर परत यायचं तर चारशे मिलिसेकंद लागायचे. हिवरखेड हे गजेंद्रचं गाव.

गुरुवारी संध्याकाळी सहानंतर गजेंद्र काम घ्यायचा नाही. नोकरीला लागला तेव्हाच त्याने हे सांगितलं होतं म्हणे, पण मला कोण सांगणार? एका गुरुवारी बार्शीटाकळीजवळ पोकलेनने केबल तोडली आणि मी याला फोन लावत सुटले. दहाव्या वेळी उचलला.

"मॅडम, आज गुरुवार हाये. बाबाले फोन लावून द्या लागते."

"फोन लावायला तू कशाला हवास? घरात आई नाही का?"

"हा फोन तसा नाई, मॅडम. तुमी एक डाव येऊन पाहा."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण डिसेंबरात त्या भागाचा सर्व्हे निघाला, नेमका गुरुवार होता, आणि काम संपल्यावर मी त्याच्या घरी गेले.

घर वाडीतच, म्हणजे भाजीच्या मळ्यातच होतं. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ, पुढे वांगी आणि मेथी. अंगणात त्याची आई, माणिकबाई, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. आत खाटेवर त्याचे वडील खुशालराव. दोन वर्षांपूर्वी ते बांधावरून पाणी फिरवताना घसरले आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही जमिनीला लागले नाहीत. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरांनी गजेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं की याला रोज दोन तास तरी बसवा, पडून राहिला तर छातीत कफ भरेल आणि त्यातच जाईल. पण बसवलं की म्हातारा कण्हायचा, शिव्या द्यायचा, उशा फेकायचा. फक्त एका गोष्टीसाठी तो आपणहून बसायचा. खंजिरी आडवं पडून वाजवता येत नाही.

खुशालराव चाळीस वर्षं गावच्या मंडळात खंजिरीवर भजन म्हणत आले होते. ते ओळ म्हणायचे आणि ती ओळ उचलून, टाळ धरून, मागून म्हणायचे देवमनकाका. दोघांच्या वाड्या शेजारी, एकाच विहिरीवर पाणी. मंडळातली बाकीची माणसं एकेक करून गेली, नव्या पोरांनी सिंथेसायझर आणला, आणि शेवटी हे दोघंच राहिले. मग देवमनकाकांची बायको वारली, त्यांचं हृदय कमजोर झालं, आणि त्यांची मुलगी सीमा त्यांना अमरावतीला घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांना प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं. चार महिन्यांनी इकडे खुशालराव पडले. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता हिवरखेड आणि अमरावती यांच्यात फोनवर भजन, आणि त्याच्या तयारीसाठी खुशालराव रोज बसून खंजिरीवर हात फिरवायचे.

तुम्ही विचाराल, मुलगा का नाही धरत टाळ? मीही विचारलं होतं. गजेंद्र हसला. "मी बारा वर्साचा असतानी बाबानं मले मंडळातून उठवलं, मॅडम. भर सभेत. म्हणे, याच्या हातात तालच नाई, याले उद्यापासून आणू नोका." हसत सांगत होता, पण तीस वर्षांनंतरही त्याला ती जागा दुखत होती, हे मला दिसलं. बापाशेजारी बसायची जागा त्याला कधी मिळाली नाही. मग तो आयटीआयला गेला आणि तारा जोडायला शिकला.

माणिकबाईंनी गॅसच्या मंद आचेवर खंजिरी शेकून तिचं कातडं ताणून दिलं. गजेंद्रने फोन स्टीलच्या डब्यात उभा ठेवला, म्हणजे आवाज घुमतो. बापाला मागून हात घालून बसवलं, पाठीशी तीन उशा लावल्या, आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला. "देवमन, बसला का गा?" खुशालरावांनी विचारलं. डब्यातून आवाज आला, "बसलो. हो सुरू."

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण तो म्हातारा गायला लागल्यावर त्या खोलीतली आजाराची कळा गेली, हे मी पाहिलं. त्याची लय घड्याळासारखी होती, संथ, न ढळणारी. आणि प्रत्येक ठोक्यावर डब्यातून देवमनकाकांचा टाळ बरोब्बर पडत होता. जणू ते खाटेच्या पायथ्याशीच बसलेत.

परतताना मी गजेंद्रला म्हटलं, "हे जमतं कसं? या टॉवरचा उशीर केवढा आहे, तुला माहीत आहे ना?"

"पयले नोतं जमत. दोन महिने नुसता गोंधळ. टाळ मागून यायचा, बाबा थांबायचा, चिडायचा. एक डाव तं फोन भिंतीवर मारला. मंग एका गुरुवारी जमलं. नेटवर्क सुधारलं असन."

नेटवर्क सुधारलेलं नव्हतं. ते आकडे रोज माझ्याच टेबलावर येत होते, चारशेचे चारशेच होते. तिथल्या तिथे मला प्रश्न पडायला हवा होता. पण मला अकोल्याला पोचायची घाई होती, माणिकबाईंनी दिलेले पोहे छान होते, आणि मी "छान आहे" म्हणून गाडीत बसले. या गोष्टीत मला स्वतःचा राग येण्याची ही पहिली जागा.

कधी कधी ते बिघडायचंही. क्रिकेटची मॅच असली की सगळं गाव फोनला चिकटायचं, रांगा वाढायच्या, टाळ लटपटायचा, आणि खुशालराव दोन दिवस रुसून पडून राहायचे. म्हणून गजेंद्र माझ्या मागे लागला. "मॅडम, हिवरखेडले फायबर कधी?" सकाळी आला की तेच, जाताना तेच. मी म्हणायचे, "तुझ्या बापासाठी टाकू का?" तो म्हणायचा, "गावासाठीच टाका, बाप गावातच राह्यते."

शेवटी मंजुरी आली आणि मग त्या माणसाने जे केलं ते मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. मार्ग त्याने स्वतः पायी चालून ठरवला. ज्यांच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, केबल जाणार होती त्या प्रत्येकाच्या घरी गेला. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा केबल ओढून तोडतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या नकाशात ते कुठे असणार? त्याने हट्टाने चर खोल खणून घेतले, आणि प्रत्येक जोडापाशी केबलचं जादा वेटोळं पुरून ठेवलं, जमीन सरकली तर तिला ओढायला काहीतरी असावं म्हणून. अकरा ठिकाणी जोड होते. अकरांपैकी एकालाही त्याने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात टॉवर फायबरवर आला. मी आकडा पाहिला. चारशेचा अडीचशे. दीडशे मिलिसेकंद वाचले होते, आणि मॅच असो की नसो, आकडा जागचा हलत नव्हता. मी गजेंद्रला फोन करून सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले आणि त्या दिवशी त्याला हात धुवायला तीनच मिनिटं लागली.

त्या गुरुवारी भजन पहिल्याच ओळीला मोडलं.

मला हे नंतर गजेंद्रने सांगितलं. टाळ मागे पडत नव्हता, पुढे पळत होता. खुशालराव थांबले. "देवमन, तुहा टाळ पुढं पळून राहिला गा." पलीकडून, "बरं, पुन्हा घे." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. पुढच्या गुरुवारी तर देवमनकाका कधी पुढे, कधी मागे, कधी मधेच थबकायचे. आणि मग खुशालराव, अंथरुणाला खिळलेला, तापट, आयुष्यात कधी ताल न चुकलेला माणूस, बोलून गेले, "म्हातारा झाला तू देवमन. हात गेला तुहा. सरळ सांग ना, जमत नाई म्हून."

मग देवमनकाका हसले. "हो गा खुशाल. गेला हात."

तिसऱ्या गुरुवारी अमरावतीचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. खुशालरावांनी खंजिरी भिंतीकडे सरकवून दिली आणि आडवे झाले. त्यानंतर ते बसायला तयार होईनात. माणिकबाईंनी विनवलं, गजेंद्र ओरडला, काही उपयोग नाही. चार दिवसांत छातीतून घरघर ऐकू यायला लागली.

गजेंद्रला वाटलं, चूक त्याची आहे. कुठेतरी जोड कच्चा राहिला, त्यामुळे उशीर वाढला. त्याने सुट्टी टाकून होळीच्या उन्हात अकराच्या अकरा जोड उघडून पुन्हा तपासले. सगळे ठणठणीत. मग तो माझ्याकडे आला आणि त्या दिवशी हात न धुताच माझ्यासमोर बसला.

"मॅडम, काई तरी चुकलं. उशीर वाढला."

मी स्क्रीन फिरवून त्याला आकडा दाखवला. "वाढला नाही. कमी झालाय."

"कमी झाला तं बिघडलं काऊन?"

रविवारी मी आईकडे अमरावतीला निघालेच होते. मी त्याला म्हटलं, चल.

सीमाचा फ्लॅट राजापेठेजवळ दुसऱ्या मजल्यावर. देवमनकाका गॅलरीत बसले होते, हाडकुळे, शांत, डोळ्यांना जाड चष्मा. गजेंद्रने पाया पडून विचारलं, "काका, फोन काऊन नाई उचलला?" काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सीमाच चिडून बोलली, "दोन वर्सं मी पाहून राहिली, आता तरी सांगा न बाबा यांईले."

मग त्यांनी सांगितलं. पहिले दोन महिने ते ऐकू येईल तसा टाळ मारत होते. त्यांच्या कानाला अगदी जुळायचं. पण तिकडे खुशाल थांबायचा, चिडायचा. यांच्या लक्षात आलं की आपला टाळ तिकडे उशिरा पोचतो. किती उशिरा? मिलिसेकंद त्यांना कुठले माहीत? त्यांनी मात्रेत मोजलं. खुशालच्या त्या संथ लयीतली बरोबर अर्धी मात्रा, म्हणजे दोन ठोक्यांमधलं निम्मं अंतर. मग त्यांनी ठरवलं, टाळ अर्धी मात्रा आधी मारायचा, ओळही अर्धी मात्रा आधी उचलायची, म्हणजे तिकडे पोचेपर्यंत बरोबर होईल. रोज सकाळी घड्याळाच्या टिकटिकीवर सराव केला. आणि एका गुरुवारी जमलं.

"पण मग तुम्हाला इकडे कसं ऐकू यायचं?" मी विचारलं.

"वाजव टाळी," ते म्हणाले. "एकसारकी."

मी संथ टाळ्या वाजवत राहिले. त्यांनी टाळ हातात घेतला. त्यांचा प्रत्येक ठोका माझ्या दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होता, एकही टाळीवर नाही. दहा-बारा ठोक्यांत माझे हात अडखळले. ऐकवत नव्हतं. कोणीतरी सारखं पायात पाय घालून पाडतंय असं वाटत होतं.

"दोन वर्षं तुम्ही हे ऐकत होतात?"

"पयले पयले मळमळायचं," ते म्हणाले. "मंग सवय झाली. मले काय करा लागते जुळून? खुशाल बसून होता न तिकडं."

मी गजेंद्रकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती आणि तळहातांकडे बघत होता. ज्या दीडशे मिलिसेकंदांसाठी त्याने सगळा जीव ओतला होता, त्यांनीच म्हाताऱ्याचा हिशोब मोडला होता. उशीर आता ना धड अर्धी मात्रा राहिला होता ना धड पाव, मधेच कुठेतरी जाऊन बसला होता. तेवढं आधी मारणं कोणत्या हाताला जमणार?

"शिकतो मी," काका म्हणाले. "शिकल्याबिगर फोन नाई उचलत. दोन महिने लागतीन पयल्यावानी. पण खुशालले हे सांगू नोको, गजा. त्याले वाटते आपण दोघं जुळून हाओत. ते त्याच्यापाशी राहू दे."

"काका, बाबापाशी दोन महिने नाईत," गजेंद्र म्हणाला. काका हिवरखेडला जायला उठले, तशी सीमाने प्रवास बंद म्हणून लिहिलेला डॉक्टरांचा कागद पुढे केला.

जिना उतरताना गजेंद्र मधेच थांबला. "मॅडम, उशीर परत करता येते का?"

"काय?"

"जुन्या डिश अजून टॉवरवर हायेत. गुरुवारी सात ते आठ टॉवर डिशवर टाकला तं चारशे होईन. एक घंटा. नुसता एक घंटा."

आयुष्यभर उशीर कमी करणारा माणूस माझ्याकडे उशीर मागत होता. आणि मी काय केलं? मी खेकसले. "एका भजनासाठी अख्ख्या गावाचं नेट मंद करू? वेड लागलंय का तुला? नागपूरच्या हेड ऑफिसला काय सांगू?" तो "बरं मॅडम" म्हणाला. तो नेहमी भांडायचा, त्या दिवशी भांडला नाही.

खरं सांगायचं तर ते करता येत होतं. फायबर तुटलं तर डिश चालतात की नाही हे बघायला आम्ही तीन महिन्यांतून एकदा टॉवर तासभर डिशवर टाकतोच. अर्ज भरायचा, नागपूरची परवानगी घ्यायची, वेळ टाकायची. गुरुवार, संध्याकाळी सात. कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं. हे मला त्याच रात्री आईकडे जेवताना सुचलं. सोमवारी मी अर्ज उघडला. पण मार्च अखेर होती, वरून रोज तीन अहवाल मागत होते, आणि अर्ज अर्धवट भरलेला माझ्या कॉम्प्युटरवर नऊ दिवस पडून राहिला. नऊ दिवस! दीडशे मिलिसेकंदांसाठी दिवसरात्र माणसं राबवणारी मी.

त्या दिवसांत खुशालराव एकदा गजेंद्रला म्हणाले होते, "मी देवमनले जास्त बोललो का गा?" गजेंद्रच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण त्याने काकांना शब्द दिला होता. तो एवढंच म्हणाला, "बोलले तुमी थोडं." म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता फोन आला तं मीच माफी मागीन." त्यांनी स्वतः फोन लावला नाही. गुरुवारशिवाय एकमेकांना फोन करायचा त्यांचा रिवाज नव्हता, आणि आता गुरुवार आला तरी त्यांना बसवतच नव्हतं.

शेवटी अर्ज पाठवला आणि नागपूरहून परवानगी मंगळवारी दुपारी आली. गुरुवार, सात ते आठ. मी हसत हसत गजेंद्रला फोन लावला. फोन माणिकबाईंनी उचलला. खुशालराव सकाळी गेले होते.

फोन ठेवला आणि बेसिनवर जाऊन नळ सोडून उभी राहिले. माझ्या मागे रांग लागली असेल.

तेरवीला मी हिवरखेडला गेले. मांडवात खुशालरावांचा फोटो, फोटोपुढे खंजिरी. गावच्या आताच्या मंडळाची मंडळी पेटी घेऊन भजनाला बसली होती. दहाच्या सुमाराला एक गाडी आली आणि सीमाने हात धरून देवमनकाकांना उतरवलं. डॉक्टरांचं, मुलीचं, कोणाचं न ऐकता ते आले होते. शंभरावर किलोमीटर. गजेंद्रने त्यांना फोटोच्या अगदी समोर बसवलं. पिशवीतून त्यांनी आपला टाळ काढला.

भजन सुरू झालं. तीच संथ लय. आणि काकांचा टाळ पडला, अर्धी मात्रा आधी. पुन्हा पडला, पुन्हा अर्धी मात्रा आधी. सवयीने की जाणून, मला सांगता येणार नाही. ते फोटोकडे बघत होते आणि त्यांचा हात एकदाही चुकत नव्हता. पेटीवाल्याने वळून पाहिलं. दोघा-तिघांनी एकमेकांना खुणावलं. मागच्या बायांत कोणीतरी हळहळलं, गेला बिचाऱ्याचा हात. मंडळाचे प्रमुख चंद्रभानजी भला माणूस, त्यांनी पुढे वाकून अगदी हळूच काकांच्या हातातला टाळ घ्यायला हात लांब केला.

गजेंद्र दाराशी उभा होता, नेहमीसारखा. तो पुढे आला. बारा वर्षांचा असताना ज्या बैठकीतून त्याला उठवलं होतं त्या बैठकीत तो पहिल्यांदा मांडी घालून बसला आणि त्याने चंद्रभानजींचा हात धरला.

"राहू द्या, भाऊ," तो म्हणाला. "बाबाले तिकडं बराबर ऐकू जाऊन राहिलं ते."